त्या टॅबलेटवाल्या बाईला उत्तर द्यायच्या आधी हे वाच

चिऊ,

काल फोनवर तू इतकी तावातावाने बोलत होतीस की मी मधे तोंडच उघडलं नाही, उघडलं असतं तर माझ्याशीच भांडली असतीस. म्हणून लिहितोय. तू पाठवलेले स्क्रीनशॉट सगळे वाचले. ती बाई म्हणतेय तू ऑनलाइन विकलेल्या त्या वापरलेल्या टॅबलेटच्या कोपऱ्यात ओरखडा आहे, आधी सांगितलं नाही, अर्धे पैसे परत द्या नाहीतर एक स्टार देते. आणि त्यावर तू रात्री साडेबाराला जो निबंध लिहिलायस त्यात "तुमच्यासारखी माणसं" तीनदा आलंय. तिसऱ्यांदा तर मला हसूच आलं. नशीब पाठवला नाहीस.

आधी तुझी चूक सांगतो. तू जाहिरातीत "नव्यासारखा" लिहिलंस. ओरखडा पाचव्या फोटोत दिसतो, मान्य, पण कुणाला दिसतो तर ज्याला तो आहे हे आधीच माहितीय त्याला. मला सुद्धा झूम करून शोधावा लागला. "नव्यासारखा" हा शब्द कायमचा काढून टाक, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोक्यात त्याचा अर्थ कधीच एक नसतो. ओरखड्याचा जवळून फोटो, शेजारी एक नाणं ठेवून, आणि खाली सरळ लिहायचं की डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा ओरखडा आहे, स्क्रीन चालू केली की दिसत नाही. गिऱ्हाईक पळत नाही गं त्याने. ईबेवाल्या पिएर ओमिड्यारने १९९५ साली साईट सुरू केली तेव्हा पहिली वस्तू विकली गेली ती बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याने घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, हा बंद आहे हे कळलंय ना तुम्हाला, तर तो म्हणे मी बिघडलेलेच गोळा करतो.

आता तिचं. वस्तू पसंत नाही म्हणून परत करणं वेगळं आणि वस्तू ठेवून घेऊन वर अर्धे पैसे मागणं वेगळं. जिला ओरखडा खरंच खुपतोय ती बाई टॅबलेट परत करायला तयार होईल, जिला फक्त पैसे सोडवून घ्यायचेत ती परत करायचं नाव काढलं की गप्प होते. नेहमीच असं होतं असं नाही, पण माझ्या अनुभवात बरेचदा झालंय. म्हणून पहिलं वाक्य परतीचं टाकायचं.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घे, ते मेसेज तू त्या बाईला लिहीतच नाहीयेस. तिला पटवून तुला काही मिळणार नाही, ती पटणारच नाहीये. उद्या वाद वर गेला की साईटचा कुणीतरी कर्मचारी ती चॅट उघडणार, त्याच्यापुढे अशा ढीगभर तक्रारी पडलेल्या असणार, तो तुझा निबंध वाचत बसणार नाही. त्याला दोन मिनिटांत कळलं पाहिजे की काय विकलं, काय सांगितलं होतं, तू काय देऊ केलंस आणि समोरचा काय म्हणाला. त्या माणसासाठी लिही. म्हणजे असं काहीतरी:

"नमस्कार. ओरखड्यामुळे त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे. तो जाहिरातीतल्या पाचव्या फोटोत आहे, तरी तुम्हाला वस्तू नको असेल तर साईटवरून रिटर्न टाका. टॅबलेट चार्जरसकट मिळाला आणि सिरीयल नंबर जुळला की पूर्ण पैसे परत मिळतील. वस्तू ठेवून अर्धे पैसे परत करणं मला शक्य नाही."

बस. रेटिंगच्या धमकीला उत्तरच द्यायचं नाही, ती तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलीय, त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेव आणि तिथेच रिपोर्ट कर. बऱ्याच मोठ्या साईट्सवर रेटिंगच्या जोरावर पैसे मागणं नियमात बसत नाही. ती "फोनवर बोलू" म्हणाली तरी चॅट सोडायची नाही, फोनवर ठरलेलं नंतर कुणाला दाखवणार तू.

नंबराचं का म्हणतोय ते ऐक. माझ्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स विकली होती ती आठवते का? काच अगदी स्वच्छ. दहा दिवसांनी घेणाऱ्याने लिहिलं आत बुरशी आहे. मी म्हणलं पाठवा परत. बॉक्स आला, माझाच बॉक्स, मीच लावलेली टेप नीट कापलेली, आत तीच कंपनी, तेच मॉडेल. टॉर्च लावून आतून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे काचेवर पसरलेले. आणि कडेच्या रिंगवर मी एकदा ट्रायपॉडला घासून पाडलेली चीर, ती नव्हतीच! माझी लेन्स नव्हतीच ती. पण सिरीयल नंबर मी ना जाहिरातीत दिला होता ना कुठे लिहून ठेवला होता, चिरेचा फोटोही काढला नव्हता, कारण म्हणलं उगाच कशाला दाखवायची. लपवलेली चीरच माझा एकमेव पुरावा होती बघ. पैसे गेले. बुरशीवाली लेन्स अजून कपाटात आहे, तुझी आई दर साफसफाईला ती काढून माझ्यापुढे ठेवते.

तेव्हापासून मी पॅक करतानाचा एकच सलग व्हिडिओ काढतो, नंबर दिसतो, वस्तू चालू होताना दिसते, मग बॉक्स बंद, वर लेबल, वजनकाट्यावरचा आकडा. मधे कट नाही. परत आलेला बॉक्स पण असाच कॅमेऱ्यासमोर उघडायचा.

पैशाचं राहिलं. रिफंड द्यायचाच झाला तर ज्या रस्त्याने पैसे आले त्याच रस्त्याने, साईटवरूनच. दुसऱ्या खात्यावर पाठवा म्हणाली तर साफ नाही म्हणायचं, कारण तू बाहेरून दिलेस आणि तिने साईटवर पण क्लेम लावला तर दोनदा जातात. कुणी "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" म्हणालं तर तेच, आधी आलेले पैसे खोटे निघून मागे फिरतात आणि तू दिलेले मात्र खरेच असतात. आणि कार्डाने पैसे देणारा आपल्या बँकेकडे जाऊन चार्जबॅक मागू शकतो, म्हणजे बँकेमार्फत दिलेले पैसे उलटे ओढून घेऊ शकतो, व्हिसासारख्या कार्डांवर बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांपर्यंत मुदत असते, म्हणून व्हिडिओ आणि डिलिव्हरीची पावती निदान पाच महिने डिलीट करू नकोस, फोनची मेमरी भरली तरी.

एक स्टार मिळाला तर मिळाला. ईबेने तर २००८ पासून विकणाऱ्याने घेणाऱ्याला निगेटिव्ह देणंच बंद केलं, म्हणजे तिथे फिट्टंफाट करायची सोयच नाही. तू फक्त खाली दोन ओळीत शांतपणे लिही की पूर्ण रिफंडसकट रिटर्न देऊ केला होता. पुढचा घेणारा ते वाचतो.

उत्तर पाठवायच्या आधी मला दाखव, पण साडेबाराला नको. आणि चार्जर बॉक्समधे टाकला होतास ना नक्की? कारण पांढरा एक इथे माझ्या टेबलावर दिसतोय.

बाबा