बर्गर विकला म्हणून हसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँड्र्यू पझडर २०२५ मध्ये युरोपीय संघातले अमेरिकेचे राजदूत झाले, तेव्हापासून आमच्या दुकानात पेपर वाचणारे ‘बर्गरवाला ब्रुसेल्सला’ म्हणून हसतात. मंगळवार पेठेत मी एकवीस वर्षे मिसळ विकतो. मला ते हसणे लागते.

ते पूर्वी ज्या बर्गर कंपनीचे प्रमुख होते, तिचे मूळ एका हातगाडीत आहे. १९४१ साली कार्ल कार्चर यांनी मोटार गहाण टाकून ३११ डॉलर उचलले, घरातले १५ घातले आणि लॉस एंजेलिसमध्ये हॉट डॉगची गाडी घेतली. पझडर पुढे याच कार्चर यांचे वकील झाले आणि २००० ते २०१७ कंपनीचे प्रमुख. तिच्या ‘कार्ल्स ज्युनियर’, ‘हार्डीज’ या बर्गरच्या साखळ्यांची बहुतेक दुकाने फ्रँचायझीची. पाटी कंपनीची, भट्टी दुसऱ्याची.

हे काम मी भोगले आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गृहस्थांना आमचे नाव दिले. करार स्टॅम्पपेपरवर, चटणी दर पंधरा दिवसांनी इथून पार्सलने. सहाव्या महिन्यात गिऱ्हाइकाचा फोन, ‘कट गोड लागतोय.’ गेलो, पातेल्यात पळी फिरवली, तर तळातून टोमॅटोचा लगदा वर आला. करारात चटणीचे वजन लिहिले होते, टोमॅटोबद्दल अक्षर नव्हते. भांडलो असतो तर पाटी उतरली असती, गप्प बसलो असतो तर नाव गेले असते. दोन दिवस राहिलो, त्यांच्या आचाऱ्यासोबत कांदा-खोबरे भाजले, मग नवे कलम घातले. राजदूताचे काम फार मोठे, पण परक्याच्या घरात बसून ठरलेले पाळून घेणे त्यातही आलेच.

प्रश्न विचारायचाच तर मजुरीवर विचारा. किमान वेतन फार वाढवू नये, असे पझडर जाहीरपणे मांडत आले. ट्रम्प यांनी त्यांचे नाव कामगारमंत्रिपदासाठी सुचवले होते. कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या, घरी कागदपत्रे नसलेली मोलकरीण ठेवल्याचे त्यांनी स्वतः कबूल केले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये माघार घ्यावी लागली. वेतनाचे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. पहाटे चारला आमची भट्टी पेटवणाऱ्या मावशींचा पगार वाढवला की प्लेटमागे पाच रुपये वाढवावे लागतात. गिऱ्हाईक दोन दिवस कुरकुरते आणि तिसऱ्या दिवशी येते.

त्यांचे वेतनाबद्दलचे म्हणणे आपण सविस्तर छापावे. दुकानात मोठ्याने वाचून दाखवीन.

आपला,
एक मिसळवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर