परत आलेलं पाकीट

चि. नील यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. चार शनिवार झाले, तू पहाटे उठून अन्नवाटप केंद्रावर जातोस, खोकी उचलतोस, पाकिटं भरतोस. आणि काल त्या गृहस्थांनी सगळ्यांदेखत तुझ्या हातात पाकीट परत दिलं आणि "तारीख बघून देत जा" असं सुनावलं. "आई, आभार राहू देत, वर तोरा!" असं तू म्हणालास. मी नुसतं हुंकार दिला, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर बोलायला मला जमलं नसतं.

आधी त्या पाकिटाचं. मुदत खरोखरच उलटून गेली होती ना? त्या प्रश्नावर तू गप्प झालास, म्हणून विचारते. तसं असेल तर चूक तुमची होती आणि त्यांनी ती दाखवून दिली. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाचं पोट बिघडलं तर औषधाचा खर्च येतोच, शिवाय दिवसाचा रोजही बुडतो. म्हणून ज्याची मुदत आधी संपणार ते फळीवर पुढे लावायचं. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ तसंच बाहेर राहिलं तर कितीही जीव तुटला तरी वाटायचं नाही. ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण समोरच्याचा मान राखणं सुरू होतं ते इथूनच.

आता त्यांच्या चिडण्याबद्दल. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. युद्धात उपासमार झालेल्यांची तब्येत पुन्हा पूर्वीसारखी कशी करायची, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ३६ धडधाकट तरुण आपणहून पुढे आले. तेही तुझ्यासारखे स्वयंसेवकच. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं, पण मला हलवून गेलं ते वेगळंच. ती शहाणी, समजूतदार मुलं चिडखोर झाली, मित्रांत रमेनाशी झाली, अभ्यासातून त्यांचं मन उडालं. दिवसभर डोक्यात फक्त खाणं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. आणि हा प्रयोग अमुक दिवशी संपणार, हे त्यांना ठाऊक होतं! तुझ्या रांगेतल्या माणसाला ती तारीख कोणी सांगितलेली नाही. मग त्याच्या एका तुटक वाक्यावरून त्याचा स्वभाव कसा ठरवायचा?

तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट आहे. मी नऊ वर्षांची असताना तुझ्या आजोबांचं काम सुटलं आणि काही महिने आम्ही अशाच एका ठिकाणी रांगेत उभे राहिलो. तिथे टेबलामागे एक बाई वही घेऊन बसायच्या. वडलांचं नाव, घरात माणसं किती, काम का सुटलं, सगळं मोठ्याने विचारायच्या. मागच्यांना स्पष्ट ऐकू जायचं. वडील उत्तरं देताना माझा हात इतका घट्ट धरायचे की बोटं दुखायची. त्या बाई वाईट नव्हत्या, मापही कधी कमी दिलं नाही. पण वहीतून मान वर करून त्यांनी वडलांकडे एकदाही पाहिलं नाही. एकदा त्यांच्या जागी एक तरुण मुलगा होता. त्याने खुर्ची पुढे ओढली, "बसा काका" म्हणाला आणि हळू आवाजात विचारलं, "यातलं तुम्हाला काय उपयोगी पडेल?" त्या दिवशी घरी जाताना वडील माझ्याशी बोलत होते, नाहीतर वाटभर ते गप्प असायचे.

वडलांनी त्या मुलाचेही आभार मानले नव्हते, नील. मिंधेपणाने त्यांचा घसा असा धरलेला असायचा की शब्दच फुटत नसे. काल तुला न मिळालेल्या आभारांचं ऐकताना मला ते आठवलं.

केंद्रावर जातोसच, तर एवढी रांग लागते कशाने, हाही प्रश्न सोडू नकोस. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की धान्य अगदीच नव्हतं असं नाही. भाव चढले आणि शेतमजूर, मासेमार यांच्या कमाईत ते बसेना. आजही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसं उपाशी होती. त्याआधी २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून. तुझ्या पाकिटाने एक संध्याकाळ निभावते. मजुरी कमी का पडते, भाडं भरल्यावर हातात काय उरतं, हे त्या पाकिटाने सुटत नाही. तरी ती संध्याकाळ खरी असते. मी ती काढलेली आहे, म्हणून ठामपणे सांगते.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ आले तर "मागच्या वेळी आमचं चुकलं" एवढं म्हण. जास्त बोलू नकोस, त्यांना अवघडायला होईल. आणि तुमची ती नोंदवही टेबलाच्या कडेला सरकवता आली तर बघ, म्हणजे मागच्याला ऐकू जाणार नाही. तू नवा आहेस, पण सुचवायला काय हरकत आहे?

आणखी एक. त्या लहान मुलीने स्वतःच्या वाट्यातलं अर्धं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं, असं तू बोलता बोलता सांगितलंस आणि लगेच त्या माणसावर घसरलास. ते अर्धं कोणासाठी होतं? विचारलंस का कोणाला? रविवारी फोन करशील तेव्हा आधी ते सांग.

तुझी,
आई