बिडातला कार्बन आणि माझं काम

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "पोरी, तू दिवसभर मोजतेस तरी काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक, मोबाइलमध्येही वापरतात. तो चुंबकीय नाही. त्यात मँगॅनीज घातलं की चुंबकत्व येतं, पण मँगॅनीज त्यात सहज मावत नाही. म्हणून या मिश्रणाचा पातळ थर २५० अंशांच्या आसपास, या कामाच्या मानाने थंडच, वाढवावा लागतो. १९९६ साली जपानमध्ये हे साधलं. पण अशा चांगल्यातल्या चांगल्या थराचं चुंबकत्वही शून्याखाली सत्तरेक अंशांवरच संपतं.

तोच थर पुन्हा ५००-६०० अंशांना तापवला, की मँगॅनीज आर्सेनिकला धरून वेगळं होतं आणि आत मँगॅनीज आर्सेनाइडचे दहा-वीस नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. त्यांचं चुंबकत्व चाळीस अंशांपर्यंत टिकतं, म्हणजे बेळगावच्या उन्हाळ्यातसुद्धा. बाबा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तुम्ही आयुष्यभर हेच पाहिलंत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सावकाश निवलं की कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा होतो, झटकन निवलं तर तसा होत नाही आणि माल पांढरा, ठिसूळ निघतो.

मी या थरातून वीज सोडते, चुंबकीय क्षेत्र लावते आणि रोध किती बदलला ते बघते. द्रव हेलियमच्या थंडीत वीज एका मँगॅनीजवरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते. मँगॅनीजचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलं चुंबकच; क्षेत्रामुळे ती सगळी एका दिशेला वळली की उडी सोपी होते आणि रोध घटतो. पण तापमान चढवलं की त्याच तुकड्याचा रोध क्षेत्राने उलट वाढतो! पहिल्यांदा तो आलेख उलटा वळलेला दिसला तेव्हा मी जेवायलाही उठले नाही. स्फटिक कुठे, किती दाट बसलेत यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि ते कुठे बसावेत हे तापवताना आपल्या हातात नसतं. मला त्याच्याच मागे लागायचंय, म्हणून अजून वर्षभर इथे बंगळूरुलाच राहायचं ठरवलंय.

आई, तू नाराज होशील, ठाऊक आहे. दिवाळीला नक्की येते. गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

बाबा, एकाच कास्टिंगचा पातळ भाग आधी निवतो, जाड मागून. दोन्हीकडे ग्रॅफाइट सारखं यावं म्हणून तुम्ही काय करत होतात? रविवारी फोन करते, तेव्हा सविस्तर सांगा.

तुमची मुलगी