गोळ्या बंद करण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की आता बरे वाटते आहे, मित्रही 'या गोळ्यांवर किती दिवस राहणार' असे विचारतात, तेव्हा नैराश्यावरच्या या गोळ्या बंद कराव्यात असे मनात आहे. हा विषय अर्धवट बोलून सोडून देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुझे मित्र वाईट नाहीत. 'मन घट्ट कर', 'कुठेतरी फिरून ये', 'तुला कशाची कमी आहे?' असे लोक बहुधा मायेपोटीच बोलतात. अधूनमधून येणाऱ्या उदासपणावर हे उपाय चालतातही, आणि नैराश्य म्हणजे तोच उदासपणा जरा जास्त प्रमाणात, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या आजारात किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटेनासा होतो, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता, स्वतःविषयीचे मत असे पुष्कळ काही बिघडते. तू आंघोळीला म्हणून टॉवेल हातात घ्यायचास आणि तसाच पलंगाच्या कडेवर बसून राहायचास. तुला उठायचे नव्हते असे मुळीच नाही. ज्या इच्छाशक्तीच्या बळावर यातून बाहेर पडायला लोक सांगतात, तिच्यावरच हा आजार घाला घालतो, आणि हे ज्याने जवळून पाहिलेले नाही त्याला ते सांगूनही पटत नाही.

त्यात रक्ताच्या तपासणीत नैराश्य दिसत नाही. डॉक्टरांनी तुझे थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले ते दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान मात्र तुझ्याशी बोलून, लक्षणे विचारून झाले. कागदावर आकडा नसला की लोकांना आजार खरा वाटत नाही आणि औषध अनावश्यक वाटते.

या औषधांचा शोध काहीसा अवचितच लागला. १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी वापरलेल्या इप्रोनियाझिडमुळे रुग्णांची मनःस्थिती उंचावते असे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलान्ड कून हे मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराच्या रुग्णांना देऊन पाहत होते. तिथे त्याचा उपयोग झाला नाही, पण नैराश्याच्या रुग्णांमध्ये स्पष्ट फरक दिसला आणि १९५७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. ही औषधे नेमकी कशी काम करतात हे आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडते, गोळी ते भरून काढते' हे स्पष्टीकरण फार ढोबळ आहे, कारण गोळीचा सेरोटोनिनवरील (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या या रसायनावरील) परिणाम लवकर सुरू होतो, तर मन सावरायला काही आठवडे लागतात. पण कार्यपद्धती पूर्ण कळलेली नसणे आणि औषध निरुपयोगी असणे यांत मोठे अंतर आहे. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचे आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातील २१ च्या २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, प्रभावी ठरली. हा फरक सरासरीने माफक आहे, आणि पहिल्याच औषधाने प्रत्येकाला बरे वाटते असेही नाही. सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशन पुरते. तुझे नैराश्य सौम्य नव्हते.

आता सवयीविषयी. या गोळ्यांनी नशा येत नाही, त्यांची तलफ लागत नाही. मात्र त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असे त्रास होऊ शकतात, आणि मग 'बघा, व्यसन लागलेच होते' असे म्हणायला लोक मोकळे होतात. म्हणूनच डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करतात. शिवाय बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. आज तुला वाटते आहे ते बरेपण खरेच आहे. त्यात या गोळ्यांचाही हात आहे, एवढे लक्षात ठेव.

या औषधांचे दुष्परिणामही असतात. सुरुवातीची मळमळ, झोपेतील बदल, लैंगिक इच्छा कमी होणे, भावना बोथट झाल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांग. डोस किंवा औषध बदलता येते. पंचवीस वर्षांखालील काही रुग्णांमध्ये, विशेषतः औषध सुरू करताना आणि डोस बदलताना, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तू त्याच वयात आहेस, म्हणून हे स्पष्ट लिहिते. तसा विचार मनात आला तर त्याच क्षणी मला फोन कर, मध्यरात्र असली तरी.

'गोळ्यांनी माणूस बदलतो' असे तुला कोणी सांगितले म्हणे. मला तर गेल्या महिन्यात, अगदी क्षुल्लक कारणावरून, माझ्याशी हिरिरीने वाद घालणारा माझा मुलगा परत मिळाला. आजारपणात तू कुठल्याच गोष्टीवर वाद घालत नव्हतास.

मित्रांना हे सारे पटवून देत बसण्याची तुला गरज नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचार की गोळ्या कधी आणि कशा कमी करायच्या, आणि ते सांगतील तो क्रम लिहून घे. मी सोबत यावे असे वाटले तर येईन. एकट्याने जायचे असेल तर तसे जा. तोवर एकही गोळी चुकवू नकोस.

तुझी,
आई