डेटा उतरवून घ्या म्हणे, पण कुणी?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात आतल्या पानावर अगदी तळाला चार ओळींची बातमी होती, की एक जुनी वेबसाइट बंद होतेय आणि युजर्सनी आपापला डेटा मुदतीच्या आत डाउनलोड करून घ्यावा. बस्स, एवढंच. मला काही राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. लांबलंच तर खुशाल कापा, फक्त शेवटचा पॅरा ठेवा.

माझं भांडण त्या 'आपापला' शब्दाशी आहे. ज्याने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलं तो पासवर्ड विसरलाय, त्याचा तेव्हाचा ईमेल कधीच बंद पडलाय, आणि कधी कधी तर माणूसच राहिलेला नसतो, मग डाउनलोड करणार कोण? आणि समजा सगळ्यांनी शहाण्यासारखं आपापलं उतरवून घेतलं, तरी वीस जणांनी मिळून मारलेल्या गप्पा वीस पेनड्राइव्हांवर वाटल्या गेल्या की त्यातून वाचणार काय, प्रश्न अंधेरीत आणि उत्तर अकोल्यात!

म्हणून अशा वेळी जी माणसं स्वतःचं काही नसताना धावून येतात त्यांच्याबद्दल तुमच्या पेपरात कधीतरी यायला हवं. आर्काइव्ह टीम नावाचा स्वयंसेवकांचा एक गट आहे, जेसन स्कॉट या माणसाने २००९ मध्ये सुरू केला. ऑफिस नाही, पगार नाही. एखादी साइट बंद होणार असं कळलं की हे लोक ती अख्खी उतरवायच्या मागे लागतात. त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे जिओसिटीज, आणि तिथे माझाही जीव अडकलेला होता.

१९९८ सालची गोष्ट. त्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, आमचं गाव रत्नागिरीजवळ, मी पंचविशीतला, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मित्राकडे डायल-अप होतं, रात्री त्याच्याकडे बसून (फोन एंगेज लागतो म्हणून त्याच्या आईचा ओरडा खात) जिओसिटीजवर एक पान बनवलं, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यावर आणि पानवल नदीच्या त्या उंच पुलावर. हल्लीच्या पोरांना सांगतो, जिओसिटीज म्हणजे फुकटात वेबसाइट करायची जागा, आणि तिथे विषयावरून वस्त्या पाडलेल्या होत्या, हॉलिवूड, टोकियो, एरिया ५१ वगैरे, त्यात तुम्हाला घर नंबर मिळायचा. गाड्यांसाठी मोटरसिटी होती पण तिथे सगळ्या मोटारी, म्हणून मी आपलं बिऱ्हाड अथेन्सात मांडलं. पान मराठीत, कुठलासा फुकट मिळालेला फॉन्ट वापरून, आणि वर ठळक सूचना की आधी हा फॉन्ट डाउनलोड करा नाहीतर काही दिसणार नाही.

याहूने ही अख्खी वसाहत १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली, आणि दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ ला कुलूप लावलं. मी तोवर संसारात, ईएमआयमध्ये, मला पत्ताही नाही. पण एप्रिलमध्ये बंद व्हायची घोषणा झाल्यापासून हे आर्काइव्ह टीमवाले रात्रंदिवस पानं उतरवत होते आणि बरोबर एका वर्षाने त्यांनी सुमारे ६४१ जीबीचा टॉरेंट (लोक एकमेकांकडून तुकड्यातुकड्याने उतरवून घेतात तो गठ्ठा) सगळ्यांसाठी खुला केला. सगळं नाही वाचलं, पण बरंच वाचलं. लोक हसले होते तेव्हा, की हलणारी चित्रं आणि 'काम चालू आहे'च्या पाट्या जपून काय करणार. अहो, सामान्य माणसाने पहिल्यांदाच स्वतः लिहून जगापुढे ठेवलेला मजकूर होता तो, भोंगळ असणारच ना.

दोनेक वर्षांपूर्वी भाचा घरी आला होता, जुन्या डायरीत मला तो पत्ता सापडला, त्याने वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या कॉप्या दाखवणारी साइट) टाकला आणि पान आलं की हो समोर! ऑक्टोबर २००९ ची कॉपी. पण वाचता एक अक्षर येईना, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, सगळी खिचडी, कारण तो फॉन्ट आता कुणाकडे असणार! शेवटी माळ्यावरच्या एका सीडीत फॉन्टची फाइल मिळाली, ती टाकली आणि बोगदा दिसायला लागला. दोन फोटो गेलेच, आणि गेस्टबुकही (पान बघायला आलेल्यांनी दोन ओळी लिहायची वही) गेलं कारण ते दुसऱ्याच कुठल्या फुकट सेवेवर होतं. बायको म्हणाली, शुद्धलेखन तेव्हाही असंच होतं का तुमचं.

हे काम चालतं कसं तेही थोडं सांगतो, भाच्यानेच समजावलं. एकाच कॉम्प्युटरवरून कुणी धडाधड पानं मागायला लागलं की साइट त्याला ब्लॉक करते. म्हणून आर्काइव्ह टीमचा 'वॉरियर' नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो तुम्ही तुमच्या घरच्या मशीनवर चालू ठेवायचा, मधला एक सर्व्हर प्रत्येकाला थोडी थोडी पानं वाटून देतो, तुमचं मशीन ती उतरवतं आणि पुढे पाठवतं. भिशीसारखंच, प्रत्येकाचं थोडं थोडं. पान कधी मागितलं आणि पलीकडून काय काय आलं, सगळं 'वॉर्क' नावाच्या फाइलीत बांधून बहुतेक वेळा इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या ऑनलाइन संग्रहाकडे जमा होतं. त्यांचीच ती वेबॅक मशीन.

सगळ्या वेळी जमतंच असं नाही. याहू ग्रुप्सचं, म्हणजे याहूवरच्या चर्चेच्या गटांचं बघा. परदेशातल्या मराठी मंडळींचे तिथे कितीतरी ग्रुप होते, पुरणपोळीला कुठला मैदा घ्यायचा इथपासून व्हिसापर्यंत चर्चा. ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं की १४ डिसेंबरला सगळा जुना मजकूर उडवणार, म्हणजे धड दोन महिनेही नाहीत. बरेच ग्रुप फक्त मेंबरांना दिसायचे, मग स्वयंसेवकांनी एकेका ग्रुपचं मेंबर व्हायला सुरुवात केली, त्यात ती 'मी रोबो नाही'ची चित्रकोडी हाताने सोडवत, हजारो ग्रुप! आणि डिसेंबरच्या सुरुवातीला याहूची तेव्हाची मालक कंपनी व्हेरायझनने त्यांची खातीच बंद केली. ओरडा झाला तेव्हा मेंबरांना आपला डेटा मागवायला ३१ जानेवारीपर्यंत मुदत वाढवून दिली. पण मधल्या मध्ये केवढं काम वाया गेलं.

नोटीस तरी मिळाली म्हणायची. मायस्पेस या सोशल साइटवर लोकांनी बारा वर्षांत चढवलेली कोट्यवधी गाणी सर्व्हर बदलताना उडाली, हे जगाला २०१९ मध्ये कळलं. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तर कसली नोटीस! तिथली म्युझियमं, ग्रंथालयं, दप्तरखाने यांच्या साइट वाचवायला देशोदेशीचे हजाराहून जास्त स्वयंसेवक जमले आणि त्यांनी पाच हजारांच्या आसपास साइट उतरवल्या, त्यातल्या काही नंतर खरोखर बंद पडल्या.

आता कुणी विचारेल, आणि विचारावंच, की लोकांनी कधीकाळी वेड्यासारखं लिहिलेलं सगळं कायमचं का ठेवायचं, त्यांना विचारलं होतं का? मला स्वतःला इथे नीट उत्तर सुचत नाही. जे उघड्यावर लिहिलं ते ठेवायला हरकत नसावी आणि कुणी काढा म्हटलं तर काढावं, इतपत माझं मत. बंद ग्रुपांचं खरंच अवघड आहे. दुसरं, सगळं एकट्या इंटरनेट आर्काइव्हच्या भरवशावर ठेवणंही बरं नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावरच सायबर हल्ला झाला, ३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली आणि वेबॅक मशीन काही दिवस बंदच होती.

आपल्याकडे घरबसल्या कुणालाही जमेल असं एक काम आहे. वेबॅक मशीनच्या पानावर 'सेव्ह पेज नाऊ' असा रकाना असतो, त्यात लिंक टाकायची, बटण दाबायचं. एकावेळी एकच पान जातं आणि लॉगिनच्या आतलं जात नाही, तरी गावच्या शाळेची साइट, बंद पडायला आलेला दिवाळी अंक, एवढं तर होईल. मी रोज जेवण झाल्यावर पाच-सहा पानं टाकतो, ज्याला बायको 'पारायण' म्हणते.

आणि आता शेवटचा पॅरा, जो कापू नका म्हटलं. तुमच्या पेपरची नेट आवृत्ती २००० च्या आसपास स्वतःच्या फॉन्टमध्ये निघायची, मी ती वाचत होतो, एक पत्रही छापलं होतंत माझं, लोकलच्या पासावर. त्या काळची एकही लिंक आज उघडत नाही आणि वेबॅकमध्ये जी थोडी मिळाली ती वर सांगितलेली खिचडी आहे. तुमच्या ऑफिसात कुठल्या कपाटात ती पानं सीडीवर, जुन्या हार्ड डिस्कवर पडली असतील तर कृपा करून भंगारात देऊ नका, आणि त्यांच्याबरोबर फॉन्टची फाइलही शोधा, नुसती पानं मिळून उपयोग नाही. युनिकोडमध्ये (म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता कुठल्याही मशीनवर मराठी दिसते त्या पद्धतीत) बदलायला आम्ही चार-पाच जण रविवारी येऊन बसू, चहा तेवढा तुमचा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली

ता.क. शिवाजी, किरण आणि शुषा हे तिन्ही फॉन्ट भाच्याकडे आहेत. तुमचा कुठला होता तेवढं कळवा.