गाळपाची तारीख ठरते त्या बैठकीत शाळेलाही बसू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर २७ वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना असं उघड पत्र लिहिता येत नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे. विषय ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचा आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीचा: हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होतं.

आमच्याकडे दसरा झाला की गाव हलायला लागतं. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतलेली असते. ती कुणाच्या लेकीच्या लग्नात गेलेली असते, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या कोरड्या निघालेल्या बोअरमध्ये. मग एके दिवशी संध्याकाळी टोळीची गाडी येऊन उभी राहते. कोपीसाठी, म्हणजे तिकडच्या झोपडीसाठी, बांबू आणि पत्रे, पाण्याचं पिंप, बाजरीची पोती, भांड्यांचं गाठोडं, शेळ्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, असं सगळं चढतं आणि शेवटी त्या सामानावर पोरं चढतात. सकाळी हजेरी घेताना नावामागून नाव पुकारत जायचं आणि पुढून काहीच उत्तर यायचं नाही. २७ वर्षांत मला त्याची सवय झाली नाही.

एका वर्षी चौथीतली एक मुलगी गाडी भरत असतानाच पळत माझ्या खोलीवर आली. हातात धुऊन घेतलेली खताची पिशवी, तिच्यात सगळी पुस्तकं. म्हणाली, "बाई, पुस्तकं तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. तिकडं कोपीत भिजत्यात." मी ती पिशवी शाळेच्या कपाटात ठेवली. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ती परत आली. तळहात पाचटानं कापलेले, केसांना तेल नाही. दिवाळीआधी भागाकार करणारी ती पोर हातच्याच्या वजाबाकीपाशी अडली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिची बुद्धी कुठं गेली नव्हती. गाडीत किती मोळ्या बसतात, आई-बापाच्या कोयत्यानं दिवसाला किती टन तोडला, उचलीतले किती फिटले आणि किती राहिले, हे ती मला न अडखळता सांगत होती. सहा महिने ती हिशेबच करत होती, फक्त शाळेत नव्हती.

अशा मुलांसाठी आपल्या खात्याकडं हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती चांगली योजना आहे, हे मी मनापासून सांगते. आई-बाप कारखान्याला गेले तरी मूल गावातच राहतं. दिवसा आपल्याच शाळेत बसतं, दुपारी शाळेचा पोषण आहार असतो, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण वसतिगृहात. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. झोपायला मूल आजीकडं, चुलत्याकडं जातं. ज्या म्हातारीला स्वतःची भाकरी थापणं होत नाही, तिच्यावर तीन नातवंडांच्या पोटाचा भार पडत नाही. म्हणून ती नातवंडं ठेवून घ्यायला तयार होते. सगळी योजना त्या एका भाकरीवर उभी आहे.

आमच्या शाळेत एका वर्षी हे वेळेवर झालं. मंजुरी आली नव्हती, पण मुख्याध्यापकांनी गावातल्या किराणा दुकानदाराला गळ घातली, त्यानं दोन महिने उधारीवर माल दिला, आणि पहिली गाडी गावातून निघायच्या आत शाळेच्या मागच्या खोलीत चूल पेटली. थंडीचे दिवस. सात वाजता पोरं चुलीला चिकटून बसायची, बाजरीची भाकरी आणि तिखट आमटी खायची आणि तिथंच पाढे म्हणायची. त्या वर्षी जाणाऱ्या घरांतली निम्म्याहून जास्त मुलं गावात राहिली. दुकानदाराचे पैसे मात्र मार्च उलटून गेला तरी फिटले नव्हते. मुख्याध्यापकांना त्या दुकानासमोरून जायची लाज वाटायची. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा उधारी मागितली नाही आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही.

त्या पुढच्या वर्षी मंजुरीचं पत्र डिसेंबरच्या मध्याला हातात पडलं. तोवर मुलं उसाच्या फडात पोचून दीड महिना झाला होता. गाड्या निघाल्या त्या संध्याकाळी चार-पाच आयांनी मला वाटेत गाठून एकच विचारलं होतं, "बाई, वसतिगृह चालू हाय का?" मी म्हटलं, होईल. साहेब, "होईल" या शब्दावर पोटची पोर मागं ठेवून कोण जाईल? मीही गेले नसते.

उशीर का होतो हे मला आतून माहीत आहे. शाळा याद्या करते, त्या केंद्रावर जातात, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. पडताळणी होते, त्रुटी निघतात, याद्या परत येतात, मग निधीची वाट. काही ठिकाणी कागदावरच्या मुलांच्या नावानं जेवणाची बिलं निघाल्याच्या तक्रारी झाल्या, त्यामुळं तपासणी कडक झाली. ती असलीच पाहिजे. ज्यांनी त्या पोरांच्या ताटातलं खाल्लं त्यांच्यावर मला कुणाहूनही जास्त राग आहे. पण तपासणी मूल गावात असताना करा. ऑगस्टमध्ये करा. ज्या घरानं उचल घेतली ते घर जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घर रिकामं झाल्यावर सर्वेक्षण करून आपण फक्त कुलपं मोजतो.

इथं आणखी एक सांगितलं पाहिजे. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्या दिवशी आमच्या शाळा भरलेल्या असतात. पुढच्या काही आठवड्यांत वर्ग रिकामे होतात, पण कागदावर वर्षभर तो ३० सप्टेंबरचाच पट चालत राहतो. शिक्षक आहे, खोली आहे, पुस्तकं आहेत. मूल तेवढं नाही.

आता माझ्या मूळ मागणीकडं येते. राज्यातला गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. २०२२ मध्ये १५ ऑक्टोबर ठरली, २०२३ मध्ये १ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर, २०२५ मध्ये १ नोव्हेंबर. त्या बैठकीत उसाचं क्षेत्र किती, साखरेचा उतारा किती येईल, एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराची, थकबाकी कुणाकडं, सगळ्याची चर्चा होते. म्हणजे आमची मुलं शाळा कधी सोडणार ती तारीख सरकारच्याच टेबलावर ठरते. ती आमच्या गावांवर पावसासारखी अवचित येत नाही. मग त्याच टेबलावर शालेय शिक्षण खातं का नसावं? २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा तोडणीला गेलेले मजूर मतदानाला मुकतील याची चर्चा सगळीकडं झाली. ती व्हायलाच हवी होती. मजुराच्या मताची काळजी करता येते, तर त्याच्या मुलाच्या वर्गाचीही करता येईल.

म्हणून माझी मागणी अशी. ज्या बैठकीत गाळपाची तारीख ठरते तिथं आपण स्वतः बसा, आणि त्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी ऊसतोडीच्या प्रत्येक गावात वसतिगृहाची चूल पेटलेली असेल, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. मुकादम गाड्या आधीच पाठवतो, म्हणून तीन आठवडे. आणि किमान पहिल्या दोन महिन्यांचा निधी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर आगाऊ जमा व्हावा. सरकारची योजना गावातल्या दुकानदाराच्या भरवशावर चालू नये.

मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं, पण रात्रीचं काय? आजी थकलेली, घर वस्तीच्या टोकाला, मुलगी बारा-तेरा वर्षांची. आई म्हणते, मागं ठेवली तर जिवाला घोर, संगं नेली तर फडात कुणाकुणाची नजर. मग तो घोर संपवण्याचा एक मार्ग घरातले शोधतात, आणि दिवाळीच्या आत तिचं लग्न लावून टाकतात. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे पुढच्या हंगामाला नवा कोयताही तयार. सातवीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी पुढच्या वर्षी गळ्यात मंगळसूत्र आणि कमरेवर मोळी बांधायचं दावं, अशी पाहिली. तिनं मला ओळखलं आणि पदर पुढं ओढला. बालविवाह रोखायला कायदा आहे, ग्रामसेवक आहे, सगळं आहे. पण त्या आईला मी "लग्न लावू नको" म्हणताना "मग हिला ठेवू कुठं?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सामाजिक न्याय विभागानं २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, दर तालुक्याला एक मुलांचं आणि एक मुलींचं. त्यासाठी कारखान्यांकडून आणि सरकारकडून टनामागं रक्कम घ्यायचंही ठरलं. फार चांगली गोष्ट आहे. पण ती तालुक्याच्या गावी, आणि एका तालुक्यात ऊसतोडीची गावं कितीतरी. वाडी-तांड्यावरच्या लहान मुलींसाठी गावातलीच सोय हवी. ज्या शाळेच्या वसतिगृहात दहा-बारा मुली आहेत तिथं रात्रीची निवासाची व्यवस्था करा: दार-कडी असलेली खोली, चालू शौचालय, उजेड, आणि मानधनावर गावातलीच एक बाई. आमच्या गावात अशा बाया आहेत. विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, त्यांनाही सहा महिने ऊस तोडायला जावं लागणार नाही. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून हे केलं तर आईच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

शिक्षण हमी कार्डाचं म्हणाल तर हेतू योग्य आहे. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला दाखल करून घ्यावं, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदाही स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतो. पण फड हलतो. आज एका शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. टोळी पहाटे तीनला उठते, मागं राहिलेल्या धाकट्याची झोळी हलवायला मोठी बहीण लागते. ती कार्ड घेऊन शाळा शोधत जाणार कधी? पूर्वी कारखान्याच्या तळावर साखरशाळा असायच्या. त्या बंद झाल्या, तेव्हा त्यांच्या जागी फडापर्यंत पोचणारं दुसरं काही उभं राहिलं नाही. काही कुटुंबं कितीही केलं तरी मुलं सोबत नेणारच, त्यांच्यासाठी तळाजवळच्या शाळेनं गाडी पाठवून मुलं आणावीत.

परीक्षेचंही पाहा. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास त्याच वर्गात बसावं लागतं. जे मूल मार्चअखेर परत येतं त्याला शिक्षक जेमतेम तीन-चार आठवडे शिकवू शकतो. त्याला नापास करण्याआधी उन्हाळ्यात गावातच त्याचे वेगळे वर्ग घ्या, आणि ते घेणाऱ्या शिक्षकाला त्या काळात दुसऱ्या कुठल्याही कामाला जुंपू नका.

यंदाची मंत्री समितीची बैठक होईल तेव्हा आपण तिथं असावं, एवढी विनंती आहे. आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एकदा आमच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही गावात या. आधी कळवू नका. सकाळी नको, संध्याकाळी पाचच्या पुढं या, तेव्हा गाड्या भरत असतात. गाडीवर चढलेल्या पोरांना कितवीत आहेस ते विचारा, आणि मग शाळेच्या मागच्या खोलीत चूल पेटली आहे का ते स्वतः बघा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. बीड