लासलगावच्या मापारी काकांस जाहीर आभार

आदरणीय मापारी काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव छापू नये ही आपली अट याही पत्रात पाळते आहे; परंतु आपले ऋण चारचौघांत मान्य करायचे राहून गेले होते, म्हणून हे जाहीर पत्र.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. ते पुन्हा सुरू झाल्यावर लासलगाव बाजार समितीत जाऊन शेतकऱ्यांच्या प्रतिक्रिया आणण्याचे काम आमच्या दैनिकाने माझ्यावर सोपवले. ओळखदेख नसलेल्या माणसाला, तेही त्याचे डोळ्यांदेखत नुकसान होत असताना, ‘आपल्याला काय वाटते?’ असे विचारणे किती अवघड असते, हे बातमी वाचताना जाणवत नाही. रांगेत ट्रॅक्टर लावून उभे असलेले शेतकरी वही पाहताच मान वळवीत. कोणी ‘तुम्हाला सगळं माहीतच आहे’ एवढेच म्हणून मोबाइल कानाला लावी.

आपण मला, जिथे आपण मालाचे वजन करता त्या काट्याजवळ बसवून घेतलेत आणि त्या अबोलपणाची कारणे समजावून सांगितलीत. बोली लागेपर्यंत शेतकऱ्याचे सारे लक्ष व्यापाऱ्यांकडे असते. बोली लागली तरी व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होईपर्यंत, माल खराब निघाल्याचे सांगून भाव कमी केला जाण्याची धास्ती असते. आणि ज्या व्यापाऱ्याला चार दिवसांनी पुन्हा माल द्यायचा, त्याच्याच देखत नावानिशी तक्रार कोण करणार? त्यात तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, त्यामुळे भाव पटला नाही म्हणून माघारी नेण्याची सोयही नाही. “आधी विक्रीची हिशोबपट्टी हातात पडू द्या, मग मालाचं विचारा, नाव अगदी शेवटी,” असे आपण म्हणालात.

एवढ्यावर न थांबता, आपले काम आटोपल्यावर आपण मला एका शेतकऱ्याकडे घेऊन गेलात. त्यांनी खिशातली पट्टी उलगडली, निव्वळ रकमेवर अंगठा ठेवला आणि रोपे, औषधे, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे असा हिशेब स्वतःहून मांडायला सुरुवात केली. मी वही मिटूनच ठेवली होती. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, “आता लिहून घ्या.” नावाऐवजी फक्त तालुका छापावा, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही तसेच छापले. त्या दिवशीच्या बातमीत जे काही मोलाचे होते, ते त्या पट्टीवरचे होते आणि ते आपल्यामुळे मिळाले.

आपली ती शिकवण मी इतरत्रही पाळते. अपघातानंतर रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांशी बोलायचे असते, तेव्हाही मी आधी त्यांची कागदपत्रांची धावपळ संपू देते.

आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक सहकारी येत्या आठवड्यात बाजार समितीत येणार आहे. त्यालाही आपण काट्याजवळ बसू द्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक बातमीदार